जमिनीसोबत येणारी जबाबदारी : ताडोबा ते भामरागड

मोहर्ली रस्त्याला दोन एकर घ्यायला आलेला माणूस काय काय विचारणार, हे चंद्रपूरच्या दलालांना पाठ असतं. सातबारा कोणाच्या नावावर, भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन, अकृषिक झाली का, झुडपी जंगलाचा शेरा तर नाही, बोअरला किती फुटांवर पाणी लागतं. प्रश्न सगळे बरोबर आहेत. पण धुऱ्याजवळची उघडी विहीर पाहून ‘यात कुणाचं पोर पडलं तर?’ असं विचारणारा विरळाच.

गेल्या काही वर्षांत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जमीन आणि घर ही गुंतवणूक झाली आहे. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांभोवती रिसॉर्ट आणि होमस्टे उभे राहिले. सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा कारखाना आल्यावर चामोर्शी, आष्टी, आलापल्लीकडे लोकांचे डोळे वळले. दुर्गापूर, घुग्घुस, गडचांदूरला कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या बांधल्या जातात. पैसे घालणारा बहुतेकदा नागपूरला, पुण्याला नाहीतर परदेशात असतो आणि जागेवर असतो एक चौकीदार. अपघात झाला की फोन त्या चौकीदाराचा येतो. नोटीस मात्र मालकाच्या नावाने निघते.

अशा मालकाकडे विमा नसतो असं नाही. बँकेने कर्ज देताना एखादी पॉलिसी गळ्यात घातलेली असते. पण तो विमा भिंतींचा असतो. त्या भिंतीखाली सापडलेल्या माणसाचा नसतो.

मालकच का?

दिल्लीच्या चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर एक घड्याळाचा मनोरा होता. सुमारे 80 वर्षांचा. त्याच्या बांधकामाचं आयुष्यच 40-45 वर्षांचं होतं. तो कोसळून माणसं मेली. महापालिका म्हणाली, दोष आत दडलेला होता, वरून दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये हे मान्य केलं नाही. रस्त्यालगतची इमारत सुस्थितीत ठेवणं हे मालकाचं काम आहे. दोष माहीत नव्हता म्हणून सुटका होत नाही, असा तो निकाल.

आता जटपुरा गेट ते पठाणपुरा गेट, चंद्रपूरच्या परकोटाच्या आतली जुनी घरं डोळ्यांसमोर आणा. कवेलूंची, मातीच्या भिंतींची, वर नंतर चढवलेला सिमेंटचा मजला. ‘पुढे-मागे पाडून कॉम्प्लेक्स बांधू’ म्हणून घेतलेली आणि तोवर तशीच ठेवलेली. 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी महापालिका कायद्याने मालकावर टाकली आहे. चंद्रपूरला महापालिका 2011 पासून आहे. घर रिकामं आहे, कुणी राहत नाही, हे उत्तर रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यावर छज्जा पडला तर चालत नाही.

करंटची तार

या भागात सर्वांत जास्त भीती मला वाघाची वाटत नाही, तारेची वाटते. धानाच्या बांधीत नाहीतर हरभऱ्यात रानडुक्कर शिरतात, एका रात्रीत उभं पीक लोळवतात. शेतकरी खुंट्या ठोकून जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडी तार ओढतो आणि खांबावर आकडा टाकून किंवा पंपाच्या पेटीतून तिच्यात थेट वीज सोडतो. डुक्कर मरतं. वाघही मरतो : 2017 मध्ये नागभीड तालुक्यात ‘जय’ या वाघाचा बछडा म्हणून ओळखला जाणारा श्रीनिवास असाच मेला. आणि पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली बाई मरते, शेजारच्या शेताचा पाणी धरणारा मरतो.

‘तो माझ्या हद्दीत आलाच कशाला?’ हा मालकाचा नेहमीचा युक्तिवाद. त्याचा निकाल 1963 मध्येच लागला आहे. बिहारमधल्या एका माणसाने शेजारचे लोक आपला संडास वापरतात म्हणून तिथे उघड्या तारेत वीज सोडली आणि शेजारची बाई तिला चिकटून गेली. ती परवानगीशिवाय आली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने मानलं. तरीही त्या माणसाची शिक्षा कायम ठेवली. विनापरवाना आत आलेल्या माणसाचा जीव मालकाला आंदण मिळत नाही, हा त्याचा अर्थ. आज असा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली येतो, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि पोलिसांना वाटलं तर याहून गंभीर कलम लागतं. वीजचोरी वेगळी. वाघ मेला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 3 ते 7 वर्षं वेगळी.

शहरातल्या मालकाने इथे विशेष जागं राहावं. तुम्ही शेत बटाईने दिलेलं असतं. तार बटाईदार लावतो आणि त्याची खबर तुम्हाला नसते, किंवा फोनवर ‘डुकरांचा काही बंदोबस्त कर’ असं तुम्हीच म्हटलेलं असतं. तपास सातबाऱ्यावरच्या नावापर्यंत येतोच. शिवाय इथे विमा हात वर करतो. सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत कायद्याचा जाणूनबुजून भंग केल्यामुळे झालेली हानी वगळलेली असते आणि फौजदारी दंड तर कुठलीच विमा कंपनी भरत नाही.

याला उपाय आहे आणि तो जीव घेत नाही : सौर कुंपण. त्यातलं यंत्र साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अगदी बारीक भागापुरता झटका सोडतं. जनावर उडून मागे सरतं, चिकटून राहत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. बटाईचा कागद करताना ‘थेट वीजप्रवाह सोडणार नाही’ ही ओळ घालावी, पण तेवढ्यावर थांबू नये. कुंपणाचा खर्च मालकानेच उचलावा. बटाईदाराचं पीक डुकरांच्या तोंडी सोडून त्याच्याकडून फक्त सही घेणं हा बंदोबस्त नव्हे.

परांचीवरून पडलेला मजूर

बांधकाम ठेकेदाराला दिलं की माणसं त्याची, जोखीम त्याची, असा सार्वत्रिक समज आहे. इथला ठेकेदार म्हणजे बऱ्याचदा एक मिस्त्री, चार सेंट्रिंगवाले आणि घमेली वाहणाऱ्या पाच-सहा रेजा, म्हणजे मजूर बाया. त्याच्याकडे नोंदणी नसते, विमा नसतो आणि कुणी मेलं तर द्यायला पैसे नसतात. हे ओळखूनच 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने 10 किंवा अधिक कामगार असलेल्या कामावर ठेकेदाराने भरपाई दिली नाही तर ती मालकाकडून वसूल होईल, अशी तजवीज केली होती.

भरपाई किती, याचं गणित 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने घालून दिलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राने सामाजिक सुरक्षा संहिता लागू केली आणि हा कायदा तिच्यात गेला, पण मूळ चौकट तीच राहिली. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणायचं. जानेवारी 2020 पासून या हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा 15,000 रुपये होती. 30 वर्षांच्या मजुराचा गुणांक 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, बरोबर 15,59,850 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी 60 टक्के धरायचे, रक्कम 18 लाखांच्या पुढे जाते. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. होमस्टेचा एक मजला चढवायला जेवढा खर्च येतो, जवळजवळ तेवढी ही रक्कम आहे.

‘पिऊन चढला होता’ हेही नेहमी ऐकू येतं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तरी ऐकू येतं. किरकोळ दुखापतीत या बचावाचा उपयोग होतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर कायदाच तो ऐकून घेत नाही.

म्हणून ठेकेदाराशी दर ठरवतानाच कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी मागावी आणि ती नसेल तर स्वतः काढावी. ठेकेदाराकडच्या मजुरांसाठीही ती काढता येते. मात्र विमा कंपनीला मजुरांची संख्या आणि मजुरीचा आकडा खरा सांगावा. हप्ता वाचवायला बारा जणांचे सहा जण दाखवले की दाव्याच्या दिवशी पहिला प्रश्न हाच निघतो : मेलेला माणूस त्या सहांतला की उरलेल्या सहांतला? औषधोपचाराचा खर्च मूळ पॉलिसीत धरलेला आहे का, किती मर्यादेपर्यंत, तेही पाहावं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. तिथला जखमी नागपूरपर्यंत पोचेतो खर्च कुठल्या कुठे गेलेला असतो.

चौकीदार आणि वाघ

वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. त्यामुळे रिसॉर्टवाले बेफिकीर असतात : आमच्या चौकीदाराला वाघाने नेलं तर वनखातं पाहील. वनखातं आपलं पाहीलच. पण सरकारी मदत ही मालकाच्या देण्यातून वजा होणारी रक्कम नाही. चौकीदार तुमच्या कामावर होता आणि मृत्यू त्या कामाच्या ओघात झाला, एवढं सिद्ध झालं की तुमची जबाबदारी स्वतंत्रपणे उभी राहते.

कामाचा ओघ कुठे सुरू होतो, हा इथला कळीचा मुद्दा. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात पाळी संपवून सायकलने घरी निघालेल्या एका कंत्राटी कामगाराला वाघाने मारलं. इतक्या मोठ्या उद्योगाच्या आवारात हे होऊ शकतं, तर कोलाऱ्याच्या कच्च्या रस्त्याचं काय सांगावं! धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना रस्त्यात अपघातात गेला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ती पुन्हा मंजूर केली : घरून कामावर जातानाचा अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध असेल तर, कामाच्या ओघातलाच. रात्री अकराला पाहुण्यांची जेवणं उरकून पायी गावाकडे निघालेली स्वयंपाकीण या निकालात चपखल बसते. तिला गाडीने सोडणं कुठल्याही पॉलिसीपेक्षा स्वस्त आहे आणि माणुसकीचंही.

पाहुणा, पोहण्याचा तलाव आणि सूचनेची पाटी

‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे’ ही पाटी लावली की झालं, असं समजणाऱ्यांनी कोवळमचं प्रकरण वाचावं. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलात मार्च 2006 मध्ये एक पाहुणा तलावात बुडाला. जीवरक्षक नेमलेला होता, पण त्याच्याकडे बारमधलंही काम दिलेलं होतं. ग्राहक आयोगाने कुटुंबाला दिलेली 62.5 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम केली. ताडोबाभोवतीच्या छोट्या रिसॉर्टमध्ये एकच पोरगा तलाव, गेट आणि टेबलं सांभाळताना दिसतो, तेव्हा मला हे प्रकरण आठवतं.

ग्राहक आयोगात तक्रार करायला 2 वर्षांची मुदत असते. पाहुणा विसरला असेल असं धरून पहिल्या सहा महिन्यांत निर्धास्त होऊ नये.

भाड्याच्या खोल्या आणि कूलर

इथे उन्हाळ्यात पारा 45-47 अंशांवर जातो आणि घराघरांत लोखंडी पत्र्याचे कूलर लागतात. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू ही विदर्भात दर उन्हाळ्याची बातमी आहे. कूलर भाडेकरूचा असतो; पण अर्थिंग? ते घरमालकाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. लेखी कळवून 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या मर्यादेत, भाड्यातून कापू शकतो. भाडेकरूने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ‘काका, भिंतीला करंट येतो’ हे वाक्य पुढे पुरावा म्हणून उभं राहतं. वीज गळू लागली की जोडणी तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी प्रत्येक खोलीच्या जोडणीवर बसवावं.

जमिनीच्या पोटातली पोकळी

26 ऑगस्ट 2022 ला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं, 60-70 फूट खोल. जमीन हादरल्याबरोबर घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली.

‘भारत गृह रक्षा’ ही एप्रिल 2021 पासूनची प्रमाणित पॉलिसी जमीन खचण्याचा धोका धरते. पण तिच्यातल्या अपवादांत खोदकामामुळे झालेली हानी आहे. वर्धा खोऱ्याच्या कोळसा पट्ट्यात घर घेताना ही एक ओळ विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावी : खालच्या जुन्या खाणीमुळे जमीन खचली तर ते ‘खचणं’ धरणार की ‘खोदकाम’? आणि हा झाला घराचा विमा. त्या घरातल्या भाडेकरूला इजा झाली तर ही पॉलिसी मालकाच्या वतीने काही देणार नाही.

कोणती पॉलिसी कशासाठी

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांची इथे हमखास चूक होते. तिथल्या घराच्या पॉलिसीत, पाहुणा पायरीवरून घसरला तर त्याची भरपाई हा भाग सहसा आत असतोच. इथल्या आगीच्या किंवा गृह रक्षा पॉलिसीत तो मुळातच येत नाही. वेगळा मागावा लागतो.

मजुरासाठी आणि नोकरासाठी कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी. बांधकाम चालू असताना कामाचं नुकसान आणि बाहेरच्यांना झालेली इजा अशा दोन्हींसाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’. तिच्यातला तिऱ्हाइताच्या इजेचा भाग घेतला आहे ना, हे पाहावं. रिसॉर्ट, होमस्टे, मंगल कार्यालय, दुकानांचा गाळा यांसाठी सार्वजनिक दायित्व पॉलिसी. स्वतः राहत्या घरासाठी ‘हाउसहोल्डर्स पॅकेज’मध्ये दायित्वाचा छोटा भाग जोडता येतो. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. नावाने गोंधळू नये.

सार्वजनिक दायित्वात दोन आकडे असतात : एका अपघातासाठीची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. एजंट दुसरा, मोठा आकडा सांगतो. पाहायचा तो पहिला. शिवाय ही पॉलिसी बहुधा दावा ज्या काळात येतो त्या काळाची असते, म्हणून मध्ये एक वर्ष खंड पडला की आधीच्या अपघाताचं संरक्षणही हातचं जाऊ शकतं.

विम्याला मालकी हक्काचा आधार लागतो, हेही इथे सांगितलं पाहिजे. गडचिरोलीत आदिवासींची जमीन दुसऱ्याच्या नावावर घेऊन प्रत्यक्षात पैसे आपले, असे व्यवहार होतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ ने ते रोखले आहेत आणि माझ्या मते ते योग्यच आहे. अशा जागेवर ना तुमचा विमा टिकतो, ना तुमची बाजू. जखमी माणसाचा हक्क मात्र टिकतो.

मलेरिया अपघात नव्हे

गृहकर्जासोबत मिळालेल्या सुरक्षा विम्याबद्दल एक निकाल गडचिरोलीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. एका कर्जदाराचा मोझांबिकमध्ये मलेरियाने मृत्यू झाला. पॉलिसी अपघाती मृत्यूची होती. डास चावणं हा अपघात, असा कुटुंबाचा दावा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो फेटाळला : जिथे मलेरिया सर्वत्र आहे तिथे तो होणं ही अनपेक्षित घटना नाही. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे, तेव्हा हा तर्क इथे तसाच लागू होईल. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आपल्या प्रत्येक मजुराच्या बँक खात्यावर सुरू करून द्यावी, पण तीही अपघाताचीच आहे. साप चावला तर ती उपयोगी पडते. मलेरियासाठी वेगळा आरोग्य किंवा जीवन विमाच लागतो.

अपघात झाल्यावर

आधी माणूस दवाखान्यात. मग पोलिसांना आणि, विजेचा अपघात असेल तर, विद्युत निरीक्षकाला खबर. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं. जागेचे फोटो काढावेत. तुटलेली परांची, निघालेली वायर यांना हात लावू नये.

आणि एक चाल या भागात जुनी आहे. सरपंच, ठेकेदार आणि मालकाचा माणूस मृताच्या घरी बसतात, शंभराच्या मुद्रांकावर ‘आपसात मिटलं, आता काही घेणं नाही’ असं लिहून घेतात आणि लाख-दोन लाख हातात ठेवतात. मालकाला वाटतं विषय संपला. पण मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते; 1923 च्या कायद्यात हे काम आयुक्तांचं होतं. परस्पर दिलेली रक्कम, आगाऊ म्हणून दिलेली छोटी रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही. अंगठा उठवलेला तो कागद विधवेचा हक्क कमी करत नाही. तिला अर्जासाठी 2 वर्षं असतात. या अधिकाऱ्याकडे रक्कम भरली की ते वारस ठरवतात, लहान मुलांचा वाटा बँकेत ठेवायला लावतात आणि मालकाला भरल्याची पावती मिळते.